सूर्यास्ताला चार मिनिटं

धुळ्यातल्या आमच्या गल्लीत सूर्य किती वाजता मावळतो हे कुणाला पंचांगात बघावं लागत नसे. रोज मावळतीच्या बरोबर चार मिनिटं आधी अक्का ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "चार मिनिटं राहिली गं." शिवणक्लासच्या मुली मशीनवरून उठायच्या. समोरच्या काकू दूध तापवायला ठेवायच्या. खरं तर त्या चार मिनिटांशी त्यांचा काही संबंध नव्हता. मावळतीनंतर खाणंपिणं बंद व्हायचं ते फक्त अक्कांचं. त्या आत जाऊन उभ्यानंच दोन घोट पाणी प्यायच्या, पितळी लोटा पालथा घालायच्या आणि तो सकाळी सूर्य उगवून बराच वर येईपर्यंत पालथाच राहायचा. रात्री अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, याला चोविहार म्हणतात, हे मला त्यांच्याकडे राहायला गेल्यावर कळलं. अक्का तो एकतीस वर्षं पाळत होत्या.

मी साक्रीकडच्या एका लहान गावातली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फार्मसीला नंबर लागला, पण होस्टेलमध्ये जागा मिळाली नाही. म्हणून वडील मला आणि बाजरीच्या अर्ध्या गोणीला घेऊन अक्कांच्या दारात उभे राहिले. अक्का मारवाडी जैन. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा महेंद्रभाऊ सुरतेला कापडाच्या धंद्यात. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "अंडं खाते?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खाते. पण इथं नाही खाणार."

"खरं बोलते," अक्का वडिलांना म्हणाल्या. "राहू द्या तिला." नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. चार वर्षं मी त्यांची 'साक्रीवाली' होते.

त्या वाक्यानं मला पुढे फार छळलं. खरं बोलते, म्हणून त्यांनी मला घरात घेतलं होतं.

अक्का पाणी मोजून प्यायच्या. सकाळी पातेलंभर पाणी उकळायचं, परातीत ओतून गार करायचं आणि त्यातून तो एक लोटा भरायचा. दिवसभर तेवढंच. उन्हाळ्यात दीड, थंडीत एक. मी हंड्यातून तिसऱ्यांदा पेला भरला की म्हणायच्या, "तहान म्हणजे लाडावलेली पोर बेटा. मागेल तेवढं दिलं की डोक्यावर बसते."

औषधांच्या बाबतीतही त्या अशाच काटेकोर. डॉक्टरांनी सात दिवस लिहिलं की सात दिवस, साडेसहा नाही. रिकाम्या स्ट्रीप टाकून द्यायच्या नाहीत, बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायच्या, पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायला. एक गोळी मात्र त्या औषधात धरायच्या नाहीत. गुडघ्याची. ती त्या रोज सकाळी नाश्त्याबरोबर घ्यायच्या, कुणी लिहून दिलेली ते त्यांनाही आठवत नव्हतं. मी एकदा म्हटलं, "अक्का, दुखण्याची गोळी रोज घेऊ नये." त्या हसल्या. "ती गोळी कुठं, ती माझी काठी आहे."

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात माझी परीक्षा चालू झाली आणि अक्कांच्या डाव्या कुशीत आग व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यासारखे पाणी भरलेले फोड उठले. समोरच्या काकूंनी पदर बाजूला करून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "नागीण आहे अक्का. तोंड आणि शेपूट जुळायच्या आत उतरवायला पाहिजे. सोनगीरला एक जण गेरू लावतो, मंत्र टाकतो, पाचव्या दिवशी वाळते."

"गेरू कुंडीला लावतात," अक्का म्हणाल्या.

माझ्या आईचंही फोनवर अहिराणीत तेच, अक्कांना गावी घेऊन ये. "आपला गावमा बी उतारतस ना नागीण. तिले आठे लई ये." मी म्हटलं, आई, हा कांजिण्यांचाच विषाणू असतो, अंगात दडून बसलेला, म्हातारपणी पुन्हा उठतो, त्याच्यावर गोळी आहे. आई म्हणाली, "तुले माहीत शे, तं तू कर." तिनं असं माझ्यावर कधी काही सोपवलं नव्हतं. मला फार बरं वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्याच दिवशी मी अक्कांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. "लवकर आलात हे चांगलं केलंत," ते म्हणाले. "फोड उठल्यापासून तीन दिवसांत ही गोळी सुरू झाली तर जास्त उपयोग होतो." ॲसायक्लोव्हिर, दिवसातून पाच वेळा, चार-चार तासांनी, सात दिवस. "पाणी भरपूर प्यायचं. किडनीचा काही त्रास?"

"नाही."

"दुसरं काही औषध चालू?"

"नाही," अक्का म्हणाल्या. काठी हे औषध नव्हतं.

मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. मला गुडघ्याची गोळी आठवली. लोटाही आठवला. पण मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालायची मला सवय नाही. आणि अक्का खोटं बोलल्या असं दिसेल, असंही वाटलं. डॉक्टरांनी रक्ताची तपासणीही लिहिली होती. घरी येताना अक्का म्हणाल्या, "आधी गोळ्या संपू दे."

कॅलेंडरच्या जुन्या पानामागे मी वेळापत्रक लिहिलं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. पाचही ओळींखाली 'एक पेला पाणी' असं लाल शाईनं. अक्कांनी ते बराच वेळ हातात धरलं. "अक्षर छान आहे," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ते पान लोट्याखाली उपडं घातलेलं होतं.

दुसऱ्या दिवशीच मला कळलं. पेपर देऊन साडेचारला घरी आले आणि सहज स्ट्रीप पाहिली. त्या दिवसाच्या चार गोळ्या संपलेल्या होत्या. मी हिशेब केला. थंडीचे दिवस, सूर्य उगवून बराच वेळ गेल्यावर अक्का तोंडात काही घालणार, म्हणजे आठच्या सुमाराला. मावळती सहाला. पाच गोळ्या त्या दहा तासांत बसवल्या होत्या, आणि पाणी तो एकच लोटा.

"अक्का, दहाची गोळी?"

"पाच म्हणजे पाच. पाच पोटात गेल्या की झालं."

"पण चार-चार तासांनी सांगितल्यात. आणि पाणी..."

"घड्याळ तुझं बेटा, सूर्य माझा."

मी तिथंच थांबले. काय काय मनात आलं ते सगळं खरं सांगते. मी त्यांची भाडेकरू. अंडं खाणारी मुलगी, एकतीस वर्षांच्या व्रताबद्दल त्यांना काय सांगणार. शिवाय जोर केला तर गोळ्याच बंद करतील ही भीती. त्यापेक्षा पाच तरी जाऊ देत. मी वरच्या खोलीत गेले आणि पुस्तक उघडलं. ओळी डोळ्यांपुढून जात होत्या, डोक्यात काही शिरत नव्हतं. दोनदा जिना उतरले, दोनदा चढले. तिसऱ्यांदा उतरले तेव्हा ओट्यावरून आवाज आला, "चार मिनिटं राहिली गं," आणि मग बोलण्यासारखं काही उरलं नाही.

तिसऱ्या दिवशीच्या पेपरात प्रश्न आला. हीच गोळी वृद्ध रुग्णाला देताना काय सल्ला द्याल? मी लिहिलं, पुरेसे पाणी पिण्यास सांगावे, औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, इतर औषधांची, विशेषतः वेदनाशामकांची चौकशी करावी, लघवी कमी झाल्यास किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास ताबडतोब डॉक्टरांना कळवावे. त्या उत्तराला मला पूर्ण गुण मिळाले.

चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी खोलीत वाचत बसले होते. ऊन चांगलं वर आलेलं. आणि खालून आवाज आला.

"चार मिनिटं राहिली गं."

शिवणक्लासच्या मुली हसल्या. कुणीतरी ओरडलं, "अक्का, आज घड्याळ पळालं का काय?" समोरच्या काकूही हसल्या. मी जिना कसा उतरले मला आठवत नाही.

अक्का ओट्यावर उभ्या होत्या. लोटा हातात, पालथा. हात थरथरत होते. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "चंदा, दिवा लाव ना. अंधार पडला." चंदा ही त्यांची धाकटी बहीण, लहानपणी गेलेली.

"अक्का, लघवीला कधी गेला होतात?"

त्या विचार करायला लागल्या. विचार करता करता विसरल्या.

काकू म्हणाल्या, "नागीण डोक्यात चढली गं बाई. मी म्हणत होते." मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पुढची गोळी देऊ नका, त्यांना आहेत तशा घेऊन या. मी बिस्किटांचा डबा उचलला, त्यात गुडघ्याची स्ट्रीप टाकली, काकूंनी रिक्षा बोलावली.

"पाणी किती पीत होत्या?" डॉक्टरांनी विचारलं.

तेव्हा मी बोलले. लोटा, मावळती, दहा तासांत पाच गोळ्या, काठी. सगळं, न थांबता. मी एवढं सलग कुणापुढे कधी बोलले नव्हते. डॉक्टर ऐकत होते आणि ऐकता ऐकता चिठ्ठीवर लिहीत होते. मग म्हणाले, "गोळी चांगली आहे. तिनं तिचं काम केलंय, फोड बघ, नवे आलेले नाहीत. पण अंगातून बाहेर जायला तिला पाणी लागतं. पाणी नाही, वर ही दुखण्याची गोळी, आणि वय. किडनी दमली, औषध आत साचलं, डोक्यावर गेलं. आधी कळलं असतं तर कमी वेळा घ्यायची दुसरी गोळी बसवली असती. ती पण रक्त बघून."

आधी कळलं असतं तर. मी दुसऱ्या दिवसापासून तेच सगळं गिळून बसले होते.

गोळी बंद झाली, सलाईन लागलं. महेंद्रभाऊ फोनवर म्हणाले, जे करायचं ते करा, मी निघालोच. संध्याकाळी आईला फोन केला. "काय व्हयनं?" मी सांगितलं. ती टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती, "तुले माहीत व्हतं, मंग तू काय करी राह्यनी व्हती?"

मी फोन ठेवून दिला. खिडकीतून मावळती दिसत होती. मी मोबाईलमध्ये वेळ पाहिली. चार मिनिटं राहिली होती. मग तीन. मग सूर्य गेला, आणि नळीतले थेंब पडतच राहिले. मी ते मोजत बसले, का ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी मला नीट ओळखलं. "साक्रीवाली," म्हणाल्या. मग नळीकडे पाहिलं. "हे रात्री चालू होतं?"

"हो."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "एकतीस वर्षं. आणि तू माझ्या झोपेत मोडलंस."

"अक्का, डॉक्टरांनी..."

"डॉक्टरला माझं व्रत माहीत नव्हतं. तुला होतं."

हे खरंच होतं, आणि त्यांना वाटत होतं त्यापेक्षा जास्त खरं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, किडनी सावरेपर्यंत तोंडानंही पाणी जायला हवं, थोडं थोडं, संध्याकाळनंतरसुद्धा. त्या रात्री अक्कांनी ओठ घट्ट मिटून घेतले. नर्स पेला घेऊन दोनदा आली, दोनदा परत गेली. महेंद्रभाऊ सुरतेहून पोचले होते, ते हात जोडून विनवत राहिले. अक्का एवढंच म्हणाल्या, "सवलत म्हणजे भोक. आधी सुईएवढं असतं."

सकाळी मी स्थानकात गेले. जैन साध्वी जिथं उतरतात ती जागा. अक्का रोज जायच्या, मी कधी आत गेले नव्हते. चपला कुठं काढायच्या कळेना. बोलायचं कसं, नमस्कार कसा करायचा, काहीच माहीत नव्हतं. एक वयस्कर साध्वी, महासतीजी म्हणतात त्यांना, भिंतीला टेकून वाचत होत्या. मी लांबच उभी राहून सगळं सांगितलं. सांगताना मध्येच रडूही आलं.

त्यांनी पोथी मिटली. "पच्चक्खाण, म्हणजे व्रताची प्रतिज्ञा, देतानाच त्यात आगार ठेवलेले असतात. आजारपणाची सूट. ही सूट मी आज देत नाहीये, ती पहिल्या दिवसापासून आहे. तिला तोंडपाठ आहे."

"मग त्या पीत का नाहीत?"

"कधी वापरली नाही ना. एकतीस वर्षं न उघडलेलं दार. ते दार आहे हे विसरायला होतं माणसाला." मग म्हणाल्या, "तिला सांग, बरी झाली की माझ्याकडे यायचं. प्रायश्चित्त काय ते मी देईन. पाणी तू दे."

दवाखान्यात परत आले. महासतीजींचा निरोप सांगायच्या आधी मला दुसरंच सांगायचं होतं.

"अक्का, मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही गोळ्या दिवसातच संपवता ते. पाणी नव्हतं तेही. मी बोलले नाही. डॉक्टरांनाही सांगितलं नाही."

त्यांनी मान वळवली. "का?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"रागावले असते."

"हो."

"मग?"

"मग काय, आता रागावलातच ना."

अक्का हसल्या. हसताना फोड ताणले गेले, त्यांनी कूस धरली, "मर, साक्रीवाली, हसवू नको," म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. मग मी निरोप सांगितला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. 'प्रायश्चित्त मी देईन, पाणी तू दे,' हे मला दोनदा सांगायला लावलं.

संध्याकाळी खिडकीकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "चार मिनिटं राहिली."

मी मोबाईल पाहिला. बरोबर चार. डॉक्टरांच्या कागदावरचे आकडे दुसऱ्या दिवशी सुधारलेले दिसले, पण मला त्या क्षणीच कळलं की अक्का परत आल्या.

सूर्य गेल्यावर मी पेल्यात पाणी ओतलं, सकाळी घरी उकळून आणलेलं. त्यांनी मनात काहीतरी म्हटलं आणि डोळे मिटून घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"कडू आहे."

"पाणी आहे अक्का."

"रात्रीचं पाणी कडूच असतं," त्या म्हणाल्या, आणि पेला रिकामा केला.

नागीण वाळली, पण तिची आग अंगात बरेच महिने राहिली. लुगड्याचा काठ कुशीला लागला तरी दचकायच्या. काठीची स्ट्रीप डॉक्टरांनी काढून घेतली. गुडघ्यासाठी त्या खरोखरची काठी वापरायला लागल्या आणि माझ्या नावानं कुरकुरायच्या. महासतीजींनी काय प्रायश्चित्त दिलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. बरं वाटल्यावर चोविहार पुन्हा सुरू झाला. फक्त सकाळी आता दोन लोटे भरायच्या. मी बघत असले की म्हणायच्या, "बघ, म्हातारपणी पोर लाडावली माझी."

माझं शिक्षण संपलं त्या उन्हाळ्यात महेंद्रभाऊंनी त्यांना सुरतेला नेलं. मी जळगावला एका मेडिकलमध्ये लागले. निघताना अक्कांनी मला तो पितळी लोटा दिला नाही, तो त्या सोबत घेऊन गेल्या. मला दिलं ते कॅलेंडरचं पान, पाच ओळींचं, लाल शाईचं. त्याच्यावर लोट्याच्या बुडाचा गोल डाग होता.

दुकानात कुणी नागिणीची चिठ्ठी घेऊन आलं की मी गोळ्या लगेच हातात देत नाही. तपासणी झाली का, दुखण्याची गोळी कुठली चालू आहे का, एवढं विचारते. मग विचारते, "संध्याकाळनंतर पाणी पितात ना? उपवास, रोजा, काही व्रत?" लोक वैतागतात. परवा एक भाऊ म्हणाले, "ताई, गोळी द्या, मुलाखत नको." मी मुलाखत पूर्ण केली. त्यांची आई सोमवार निर्जळ करते असं निघालं. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, मगच गोळ्या दिल्या. आवाज अजूनही थोडा कापतो माझा, पण बोलते.

अक्कांचा फोन येतो, बहुतेक संध्याकाळी. सुरतेचं त्यांना काही पटत नाही. सगळ्यात जास्त तक्रार सूर्याची. सुरत पश्चिमेला, त्यामुळे तिथं मावळती आमच्यापेक्षा दहा-अकरा मिनिटं उशिरा.

"तुझ्याकडे बुडाला?" त्या विचारतात.

"आत्ताच."

"इथं अजून लटकलाय बघ. धुळ्यात असते तर लोटा पालथा घालून मोकळी झाले असते. ही जादाची मिनिटं घेऊन करू काय मी?"

"दोन पेले बसतात अक्का."

फोनमधून लोट्याचा पितळी आवाज येतो, आणि पाणी ओतल्याचा. मी काउंटरवरच्या माणसाला हातानं थांबायला सांगते आणि त्यांचे घोट संपेपर्यंत फोन कानाला धरून ठेवते.